वरच्या दरवाजाचं पाणी

तिला सगळे पाराबाई म्हणत. कुणाला वाटेल, तापट होती म्हणून म्हणत असतील. तापट ती होतीच, त्यात वाद नाही, पण नाव पडलं ते तिच्या कामावरून. रोज सकाळी नदीच्या वळणावर जायचं, पितळी नळीत बसवलेला थर्मामीटर दोरीने पाण्यात सोडायचा, पारा कुठे चढलाय ते बघायचं, पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं आणि मासेखात्याच्या ऑफिसात जाऊन सांगायचं. झाली नोकरी. ती राहायची सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, आणि दुकानवाला येता-जाता तिला छेडल्याशिवाय सोडत नसे.

"काय पाराबाई, नदीला ताप आहे का आज?"

"नदीला नाही. मला येईल तुझ्यामुळे," असं म्हणून ती जिना चढून वर जायची.

वरची खोली एकच, पण तिच्यात खाटा दोन. एकीवर ती झोपायची. दुसरीवर कुणीच झोपत नसे, तरी तिची चादर दर महिन्याला धुतली जायची, वाळली की ताणून अंथरली जायची, आणि उशी थोपटून ठेवली जायची. ती खाट धाकटीची. धाकटी म्हणजे पाराबाईची बहीण, एकच. आई गेली तेव्हा ती इतकी लहान होती, की तिच्या वेण्या घालण्यापासून तिला शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं ताईनेच केलं. लग्न करून ती लांबच्या शहरात गेली, तिथे एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला लागली, दोन मुलं झाली, आणि मग येणं जे राहिलं ते राहिलंच. कधी मुलांच्या परीक्षा, कधी सासूचं दुखणं, कधी रजा नाही. कारणं खोटी नव्हती. पण खऱ्या कारणांनीसुद्धा माणूस दूर जायचं ते जातंच.

फोन मात्र चुकत नसे. सुट्टीच्या दिवशी धाकटीचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"ताई, आले का गं?"

"नाही गं अजून."

कशी आहेस, जेवलीस का, गुडघा कसा आहे, यातलं काही नाही. आधी हे. ते आले का, म्हणजे मासे आले का.

आता हे मासे कुठले, ते सांगायलाच हवं. या नदीत एक लांबट मासा होता, पाठीला हिरवट आणि पोटाला चांदीसारखा. वर्षभर तो खाली, रुंद पाण्यात राहायचा. उन्हाळा सरताना पाणी तापलं आणि त्याच सुमाराला नदी चढली, की झुंडीच्या झुंडी वर यायच्या. वळणाच्या डोहात थोडा दम खायचा आणि डोहापुढच्या उथळ उतारावर, गोट्यांच्या फटीत, अंडी घालायची. ऊब आणि चढतं पाणी, दोन्ही हवं. नुसती ऊब आली आणि नदी चढली नाही, तर बिचारे डोहात ताटकळत बसायचे. नुसती नदी चढली आणि पाणी गार असलं, तर उताराकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आणि फार ताटकळले, तर मादीच्या पोटातली गाभोळी, म्हणजे अंडी, पोटातच जिरून जायची.

हे पाराबाईला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. तिचे बाबा नावाडी होते. त्या दिवसांत ते सकाळी मनगटाची आतली बाजू पाण्यात धरायचे, तान्ह्या बाळाचं दूध बघतात तशी, आणि म्हणायचे, "पोरींनो, आज." मग तिघं उतारावर जायची. धाकटी बाबांच्या खांद्यावर, कारण ती लहान. तिला वरून सगळं दिसायचं, पाण्यात पसरलेल्या हजारो पाठी, एकमेकींवर चढणाऱ्या. थोरली आपली गुडघाभर पाण्यात उभी. तिला गढूळ पाण्यात दिसायचं काहीच नाही, पण मासे पोटऱ्यांना घासून जायचे, आणि तिला इतक्या गुदगुल्या व्हायच्या की ती बाबांच्या सदऱ्याचं टोक सोडत नसे. खांद्यावर मला का नाही, याचा तिला राग यायचा. खरं सांगायचं तर तो राग तिने पुढेही बरीच वर्षं जपून ठेवला होता.

मग वर धरण झालं. धरणाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. घराघरात नळ आले, आणि पाराबाई काही नदीवरून घागरी आणत नव्हती. पण धरणातून पाणी सोडायचे ते तळाच्या दरवाजातून. वर कितीही ऊन तापलं तरी तळाचं पाणी थंडगार, कारण उन्हाची ऊब तिथवर पोचतच नाही. मासे वळणापर्यंत यायचे, गार पाणी तोंडावर आलं की माघारी फिरायचे. खाली कुठल्याशा ओढ्यात थोडीफार वीण व्हायची, तेवढ्यावर त्यांची जात तगून होती. उतारावरचे गोटे मात्र शेवाळून गेले. बाबा दोन उन्हाळे मनगट पाण्यात धरून बसले आणि तिसऱ्याला ते स्वतःच राहिले नाहीत. धाकटीचं लग्न त्याच्या पुढच्या वर्षी झालं.

पाराबाईच्या मनात या दोन गोष्टींची गाठ बसली ती सुटलीच नाही. मासे गेले आणि धाकटी गेली. म्हणजे मासे आले की धाकटी येईल. वेडेपणा म्हणा हवं तर, पण धाकटीनेच त्याला खतपाणी घातलं होतं. "आले की कळव, बघ कशी उडत येते," असं ती दर वेळी म्हणायची. आणि पाराबाईने कधी एका शब्दाने "ये" म्हटलं नाही. ये म्हटलं आणि तिकडून नाही आलं, तर ते कुठे ठेवायचं? त्यापेक्षा माशांची वाट बघणं बरं. मासे तोंडावर नाही म्हणत नाहीत.

अशी बरीच वर्षं गेली. मग मासेखात्यात एक नवीन मॅडम आल्या. वयाने लहान, बोलायला गोड, पण एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की धरणवाल्यांच्या नाकी नऊ आणणाऱ्या. त्यांनी पाराबाईने सांगितलेली सगळी ऊब आणि सगळ्या पातळ्या घेऊन धरणाच्या ऑफिसात इतक्या फेऱ्या मारल्या, की शेवटी तिथल्या साहेबांनी हात टेकले. ठरलं ते असं: वर्षातून एकदा, थोडे दिवस, तळाचा दरवाजा बंद ठेवायचा, म्हणजे डोह उन्हाने तापेल आणि मासे जमतील, आणि मग वरचा दरवाजा उघडायचा. वरचं पाणी उन्हाने तापलेलं. ऊब पण मिळेल, नदी पण चढेल.

"कधी उघडायचा ते तुम्ही सांगायचं," मॅडम पाराबाईला म्हणाल्या. "डोह रोज तुम्ही बघता. तुमचा फोन गेला की मामा दरवाजा उघडतील."

मामा म्हणजे धरणावरचा ऑपरेटर. जगाचा मामा. चाकं, बटणं आणि एक जुना टेलिफोन असलेल्या खोलीत बसायचा, चपला बाहेर काढून, देवळात बसावं तसा. तो म्हणाला, "पाराबाई, तुमचा शब्द शेवटचा. साहेबांचा फोन आला तरी सांगेन, बाईंना विचारा."

तिचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला. उन्हाळा चढला तशी ती सकाळी एकदाच्या ऐवजी दिवसातून कितीदा तरी पुलावर जाऊन वाकून बघायला लागली. सायकलवाला म्हणाला, "बाई, पडाल एक दिवस." ती म्हणाली, "पडले तर ऊब तरी नीट कळेल." आणि एका दुपारी तिला डोहाच्या तळाशी काहीतरी हललेलं दिसलं. मग आणखी. मग डोहभर. पोटं तट्ट फुगलेल्या माद्या, त्यांच्यामागे नर. तिने कठडा धरला आणि आणखी वाकून बघितलं.

घरी येईपर्यंतही तिला धीर नव्हता. पुलावरूनच तिने धाकटीला फोन लावला.

"जमलेत गं. डोहात जमलेत."

पलीकडे धाकटी बोलली ती एकदम लहानपणच्या आवाजात. "खरंच? ताई, शप्पथ? थांब, मी रजा टाकते. आजच्या आज टाकते. पण पोचायला मला तीन दिवस लागतील गं. तोवर थांबव ना त्यांना." आणि हसली.

ते हसणं ऐकून पाराबाईचं जे व्हायचं ते झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर पाण्यातून वर काढला तर पारा हवा तिथे. बाबांसारखं मनगट धरून बघितलं, मनगटही तेच म्हणालं. आज. मॅडम दुसऱ्या तळ्यावर गेल्या होत्या. ऑफिसात कुणी नव्हतं. तिने मामाला फोन लावला.

"सोडू का?" मामाने तयारीतच विचारलं.

"उद्या," पाराबाई म्हणाली.

"का, ऊब पुरेशी नाही?"

"आहे. पण अजून थोडी होऊ दे. ऊन चांगलं आहे, काय बिघडतंय?"

मामा म्हणाला, "तुमचा शब्द." तिने फोन ठेवला आणि घरी जाऊन दुसऱ्या खाटेची चादर बदलली, जी आठवड्यापूर्वीच बदललेली होती.

त्याच्या पुढच्या सकाळीही ऊब तशीच होती. मासे मात्र अस्वस्थ झाले होते, डोहाच्या तोंडाशी येऊन धडका देऊन परत जात होते. हे तिला दिसलं. दिसलं नाही असं तिने नंतर कुणालाही सांगितलं नाही. तिने फोन लावला आणि म्हणाली, "उद्या दुपारी."

या वेळी मामा लगेच हो म्हणाला नाही. "बाई, कुणी यायचंय का?"

"माझी बहीण."

"अहो, नदी काय तुमच्या बहिणीची वाट बघत बसणार आहे?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे, मामा."

मामाने सुस्कारा टाकला आणि फोन ठेवला. शब्द दिला होता ना.

संध्याकाळी वारा सुटला. आधी खिडकी आपटली, मग दुकानाबाहेर टांगलेल्या सायकली एकमेकींवर आदळायला लागल्या, आणि अंधार पडेपर्यंत आभाळ भरून अंगावर काटा येईल असा गारठा पडला. पाराबाई खाटेवर पडून राहिली. सकाळी ती चप्पल घालायचंही विसरून वळणावर गेली. पारा उतरला होता. डोहात मासे होते, पण थोडे, आणि खालच्या अंगाला तोंड करून.

"मामा, उघडा. आत्ताच उघडा."

"उघडतो. पण बाई, वाऱ्याने तलाव सगळा ढवळून निघालाय. वरचं पाणीसुद्धा गार झालंय, मी हात घालून बघितला."

दरवाजा उघडला. नदी चढली, पट्टीवर दिसण्याइतकी चढली. उतारावर नुसतं पाणी वाहत राहिलं.

दुपारच्या बसने धाकटी उतरली. केसांत पांढरं आलेलं, हातांना धुलाईघरातल्या साबणाने भेगा पडलेल्या, आणि पिशवी अजूनही लहानपणासारखी छातीशी धरलेली. तिला बघितल्यावर घडीभर पाराबाई सगळं विसरली. नदी विसरली, मासे विसरली, तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. इतक्या वर्षांची वाट पाहणं असं एका पाठीवर येऊन थांबलं होतं.

"चल, आधी तिकडे," धाकटी म्हणाली. पिशवीसुद्धा ठेवायला थांबली नाही.

उतारावर येऊन तिने साडी वर खोचली, वाकली, आणि मनगटाची आतली बाजू पाण्यात धरली. बाबांची सवय दोघींनाही लागली होती, हे पाराबाईच्या ध्यानातच नव्हतं. धाकटी तशीच वाकून राहिली.

"ताई, हे पाणी गार आहे."

"काल वारा सुटला."

"मग पाणी कधी सोडलं?"

"आज."

"जमले होते तर आधी का नाही सोडलंस?"

पाराबाई गोट्यांकडे बघायला लागली. धाकटी सरळ झाली आणि तिच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला कळलं.

"माझ्यासाठी? ताई, मी गमतीत म्हटलं होतं. गंमत कळत नाही तुला?"

"कळते."

"मग? इतक्या वर्षांनी आले होते बिचारे. मला भेटायचं होतं तर सरळ म्हणायचं होतंस, ये म्हणून. माशांना कशाला मध्ये घातलंस?"

"म्हटलं असतं तर आली असतीस?"

धाकटी दगडावर बसली. थोड्या वेळाने पाराबाई तिच्याशेजारी बसली. दोघी रडल्या, पण एकमेकींकडे न बघता, आणि समोर पाणी आपलं वाहत होतं.

धाकटी राहिली तेवढे दिवस तसे बरे गेले, खोटं कशाला बोला. ती आपल्या खाटेवर झोपली. पाराबाईने तिचे केस विंचरून दिले आणि "किती गळतात गं तुझे" म्हणून तिला चार शब्द ऐकवले. सायकलवाल्याने "बाई, आज ताप उतरलेला दिसतो" म्हटलं तेव्हा दोघी हसल्या. पण बसस्टॉपवर धाकटीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी आधी पाणी सोडायचं. मग मला फोन करायचा. माझं काही का होईना."

मॅडमला पाराबाईने आपण होऊन सगळं सांगितलं. मॅडमचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षीही फोन तुम्हीच करायचा आहे." रागावल्या असत्या तर पाराबाईला बरं वाटलं असतं.

ते वर्ष मोठं गेलं. धाकटीचे फोन येत राहिले, पण त्यात काहीतरी अडखळायला लागलं होतं. "आले का" विचारायची सोय राहिली नव्हती, आणि दुसरं काय विचारायचं ते दोघींनाही ठाऊक नव्हतं. हवापाणी, भाव, मुलांची नोकरी, आणि मग "बरं, ठेवते." पाराबाईला एक नवीनच भीती पडली. समजा आले मासे. एकदा ते आले, की मग धाकटी कशासाठी फोन करेल?

ही भीती घेऊनच ती त्या उन्हाळ्यात पुलावर वाकायची. डोह भरला. पारा चढला. ज्या सकाळी मनगटाने "आज" म्हटलं, त्या सकाळी तिने ऑफिसची वाटसुद्धा पाहिली नाही, पुलावरूनच मामाला फोन लावला.

"सोडा."

"कुणी यायचं नाही ना, बाई?"

"सोडा म्हटलं ना, मामा."

ऊन वर येईपर्यंत वरच्या दरवाजाचं पाणी वळणापर्यंत पोचलं. तिने उतारावर जाऊन साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पाणी कोमट होतं. आधी काहीच नाही. मग डोहाच्या तोंडाशी पाणी फुटलं, एक पाठ दिसली, दहा दिसल्या, आणि बघता बघता सगळा उतार पाठींनी भरून गेला. नर माद्यांना रेटत होते, शेपट्या गोट्यांवर फटाफट आपटत होत्या, पाणी दुधट झालं होतं. आणि पोटऱ्यांना मासे घासून जायला लागले. तिने सवयीने सदऱ्याचं टोक धरायला हात पुढे केला. तिथे कुणी नव्हतं. हातात फोन होता.

तिने धाकटीला लावला. त्या वेळी ती कामावर असणार, मागे यंत्रांची घरघर ऐकू आली.

"काय गं, अशा वेळी? बरं आहे ना?"

पाराबाईने फोन खाली पाण्याजवळ धरला, हात दुखेपर्यंत धरला. पुन्हा कानाला लावला तेव्हा घरघर थांबली होती. धाकटी बाहेर येऊन उभी राहिली असावी. पलीकडे इतकी शांतता होती, की फोन कटला असंच पाराबाईला वाटलं.

"आहेस का?"

"ऐकतेय," धाकटी म्हणाली. "आले."

"आले."

आता धाकटी "ठेवते" म्हणणार, पाराबाईच्या मनात आलं. विचारायचं ते संपलं.

"ताई."

"हं."

"तू कशी आहेस?"

इतक्या वर्षांत नदीला किती ऊब आहे ते पाराबाईने रोज सांगितलं होतं. हे तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून उत्तर तयार नव्हतं. ती म्हणाली,

"ये."

"अगं, पण मी येईपर्यंत ते थोडेच—"

"नसतील. गेलेले असतील. बघायला काहीच नसेल इथे. तशीच ये."

आणि फोन कानाला घट्ट लावून ती उत्तराची वाट बघत राहिली. मासे तिच्या पायांना लागून वर जात होते.